इंटरनेटची बेगमी

माझ्या दोघा नातवंडांनो,

गेल्या रविवारी कॉम्प्युटरवर आपण एकमेकांची तोंडं बघत बोलत होतो, तेव्हा धाकट्याने विचारलं, "आजी, तुझ्या त्या डब्याला थंडी वाजते का?" त्याला माझ्या मागे खिडकीत ठेवलेला राउटर दिसला होता, आणि त्याच्यावरचं लोकरीचं विणलेलं झाकण. थोरली खो खो हसली. तुमची आईही हसली आणि म्हणाली, "आजीला विचारा, त्यांच्याकडे इंटरनेट कसं मोजूनमापून वापरायचे." तुम्ही विचारलंत, पण तेवढ्यात तुमच्याकडे कुणीतरी पाहुणे आले आणि माझं उत्तर राहून गेलं.

अर्धवट राहिलेलं उत्तर मला चैन पडू देत नाही. मी आयुष्यभर मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि उत्तर पूर्ण वाक्यात द्यावं हा माझाच आग्रह असे. शिवाय गेल्या महिन्यापासून आपल्या रत्नागिरीच्या घरी चोवीस तासांचं इंटरनेट आलं आहे. ते आल्यापासून पूर्वी ते कसं होतं हे माझं मलाच आठवेनासं झालं आहे. म्हणून विसरायच्या आत लिहिते. मराठी अडेल तिथे आईला विचारा. तिला यातलं अर्धंच ठाऊक आहे, तेव्हा तिलाही वाचायला द्या.

नवं शतक लागून एकदोन वर्षं झाली असतील. तुमची आई लग्न होऊन अमेरिकेला गेली होती. तुमच्या मामाने पुण्याहून त्याचा जुना कॉम्प्युटर आणून आमच्या पुढच्या खोलीत मांडून दिला, फोनच्या तारेला मोडेम नावाचा एक लहान डबा जोडला, मला ईमेल कसं पाठवायचं ते शिकवलं आणि दुसऱ्या दिवशी तो परत गेला. परदेशी फोन तेव्हा इतका महाग होता की आजोबा रिसीव्हर कानाला लावायच्या आधी काय बोलायचं ते मनात पाठ करून घेत, आणि प्रत्यक्षात "सगळं ठीक, तुझं?" एवढंच बोलून मला देत. पण ईमेलमध्ये मन मोकळं करता येई.

त्या हिवाळ्यात ईमेलनेच कळलं की तुमच्या आईला दिवस गेले आहेत. मी लगेच व्हिसाच्या तयारीला लागले. मुंबईला जाऊन रांगेत उभी राहिले. खिडकीपलीकडच्या तरुणाने दोनचार प्रश्न विचारले, पासपोर्ट माझ्याकडे परत सरकवला आणि थँक यू म्हणाला. इंग्रजी छान होतं त्याचं.

म्हणजे मला जाता येणार नव्हतं. तिथे तुमच्या आईजवळ घरचं बाईमाणूस कुणीच नाही, आणि ही पहिलीच खेप. तिचे पाय सुजले का, पोटात अन्न ठरतं का, डॉक्टर काय म्हणाले, हे मला रोजच्या रोज कळायला हवं होतं आणि रोजच्या रोज चार गोष्टी तिला सांगायच्या होत्या. मुलीचं बाळंतपण मला करता येणार होतं ते एवढंच, त्या डब्यातून. म्हणून तो डबा घरात राहणं मला फार गरजेचं होतं.

आणि तेवढ्यात बिल आलं.

तेव्हाचं इंटरनेट कसं होतं ते आधी सांगते. कॉम्प्युटर आपल्या घरच्या फोनवरून दुसरीकडे फोन लावायचा, आणि आपण इंटरनेटवर बसलो आहोत तोवर तो फोन चालूच राहायचा. दर थोड्या मिनिटांनी एक कॉल धरला जाई. मला कुठे माहीत? मी जोडणी करून आरामात बसायची, तुमच्या आईचं पत्र दोनदा वाचायची, चष्मा पुसायची, मग एका बोटाने उत्तर लिहायला घ्यायची, मध्ये भाताखालचा गॅस बंद करून यायची. म्हणजे दारात रिक्षा उभी करून, मीटर चालू ठेवून, आपण घरात पत्र लिहीत बसावं, तसं.

तुमचे आजोबा कोर्टात नाझर होते. नाझर म्हणजे कोर्टाची तिजोरी, किल्ल्या आणि जप्तीचं सामान ज्याच्या ताब्यात असतं तो. निवृत्त झाल्यावर कोर्टाची तिजोरी सुटली, पण स्वभाव सुटला नाही. त्यांनी बिल वाचलं, खिडकीपाशी नेऊन पुन्हा वाचलं.

"अगं, हे आपलंच का? नाव बघ जरा."

"आपलंच आहे."

"कलेक्टर कचेरीचं तर नाही ना आलं चुकून?"

मग आजोबांनी निकाल दिला. "एकदा झालं, चूक म्हणून सोडून देऊ. पुन्हा असं बिल आलं तर तो डबा पुण्याला परत."

"आणि पोरीची खबर?"

"पोस्ट आहे ना. पत्र लिहावं."

"तुमचं पत्र पोचेपर्यंत बाळ रांगत येऊन दार उघडेल."

आजोबा हसले, पण निकाल फिरवला नाही. तेव्हा मी कंबर कसली. शाळेत मी मुलींना सांगत असे की आधी कच्चं लिहा, मग पक्कं लिहा. तेच मी केलं. दिवसभर सुचेल तसं कागदावर लिहायचं. संध्याकाळी फोन न जोडता ते टाइप करून ठेवायचं. आणि सकाळी उठून, सहाच्या आत फोनचा दर कमी असे तेवढ्यात, जोडणी करायची, लिहिलेलं पाठवायचं, आलेलं उतरवून घ्यायचं आणि फोन तोडायचा. वाचायचं नंतर, चहा घेत.

त्या मोडेमचा जोडणीचा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. खवणीवर नारळ खवताना खोबरं संपून करवंटीला पातं लागलं की कसा आवाज येतो, तसा तो खरडत, किंचाळत राहायचा आणि मग एकदम गप्प व्हायचा. तो गप्प झाला की आजोबा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहत.

"गेलं?"

"गेलं."

"आलं?"

"आलं."

"तोड."

एवढंच आमचं सकाळचं स्तोत्र. तुमच्या आईने एकदा लिहिलं, "आई, तुझ्याशी बोलणं म्हणजे एक दिवस विचार आणि दुसऱ्या दिवशी उत्तर, असं झालंय. भांडायचं म्हटलं तरी दोन दिवस लागतात, तोवर राग जातो." मी तिला उलट कळवलं की तुझ्या वडिलांशी मी समोरासमोर भांडते, त्यापेक्षा ही पद्धत बरी आहे.

पुढचं बिल उतरलं, चांगलंच उतरलं. आजोबांनी तेही खिडकीपाशी नेऊन वाचलं आणि त्या दिवशी स्वतः होऊन बाजारातून माझ्यासाठी सुरंगीच्या फुलांचा वळेसर आणला. पण झालं असं की, वाचवण्याची चटक आता त्यांना लागली.

वैशाख आला. आपल्याकडे पावसाळा म्हणजे चार महिने घराबाहेर पडायची पंचाईत, म्हणून मे महिन्यात सगळी बेगमी करून ठेवायची रीत आहे. तांदूळ, डाळी, मिरच्या, चिंच, आमसुलं, पापड, कुरडया, मेणबत्त्या, कंदिलाच्या वाती. सरपण फोडून पडवीत रचायचं. आजोबा हे काम फार हौसेने करत. पोत्याने घेतलं की स्वस्त पडतं आणि पावसात दारोदार फिरावं लागत नाही, हे त्यांचं शास्त्र. त्या वर्षी ते शेवटची खेप घेऊन रिक्षातून उतरले, पिशव्या ओटीवर ठेवल्या आणि खिशातून एक पाकीट काढून माझ्यापुढे धरलं.

"हे काय?"

"इंटरनेट."

तेव्हा इंटरनेटचे तास पाकिटात विकत मिळत. आत एक नाव आणि एक परवलीचा शब्द छापलेला असे. आम्ही आजवर सगळ्यात लहान पाकीट घेत होतो. आजोबांनी एस.टी. स्टँडजवळच्या दुकानातून सगळ्यात मोठं उचललं होतं.

"पायलीच्या भावात नाही घेतलं," ते म्हणाले, "पोत्याच्या भावात घेतलं. पावसाळाभर बघायला नको."

"कडुलिंबाचा पाला घालून ठेवू का? कीड लागेल."

"थट्टा कर. एका तासाला काय पडलं ते ऐकशील तर गप्प बसशील."

मी गप्प बसले नाही, कारण मी पाकिटाच्या मागची बारीक इंग्रजी अक्षरं वाचत होते. त्यात लिहिलं होतं की टेलिफोनचा आकार याहून वेगळा पडेल. आणि असंही लिहिलं होतं की न वापरलेले तास ठरलेल्या मुदतीनंतर रद्द होतील. मुदत दिवाळीच्या आसपास संपत होती.

"अहो, हे दिवाळीपर्यंत संपवायचे आहेत. उरले ते बुडाले."

"बुडाले म्हणजे? पैसे मोजलेत मी."

"आणि हे नुसते तांदूळ झाले. सरपण वेगळं. जितके तास वापराल तितकं फोनचं बिल चढणार."

आजोबा ओटीच्या पायरीवर बसले. रोज आम्ही वापरत होतो त्या हिशेबाने ते पाकीट पोटातल्या बाळाच्या लग्नापर्यंत पुरलं असतं. सगळे तास संपवायचे म्हटले तर फोनचं बिल असं आलं असतं की त्यांच्याच निकालाप्रमाणे डबा पुण्याला गेला असता. आणि नाही संपवले तर? नाझराच्या ताब्यातला माल नाझराच्या डोळ्यांदेखत सडणार. ते दुकानात परतही जाऊन आले. पाकीट फोडलं आहे, म्हणून दुकानदाराने हात जोडले. दोन दिवस आजोबांनी दुपारची झोप घेतली नाही. वैतागून ते सगळाच कारभार बंद करतील की काय, ही मला भीती. आणि तुमच्या आईला तेव्हा सहावा महिना होता.

यातून वाट निघाली ती फणसामुळे.

आपल्या घराच्या आणि शेजारच्या घराच्या मध्ये चिऱ्यांचा गडगा आहे, म्हणजे कमरेएवढी दगडी भिंत, तो तुम्ही पाहिला आहे. गडग्यापलीकडे भाभी राहतात. साऱ्या आळीच्या त्या भाभी, म्हणून माझ्याही भाभी, नाहीतर एके काळी त्या माझ्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसत. त्यांचे मिस्टर तेव्हाही मस्कतला नोकरीला होते. भाभींची बोली माझ्या कानात आहे, हातात नाही, म्हणून त्यांचं बोलणं मी माझ्या मराठीत लिहिते. त्या रागावणार नाहीत.

घरामागच्या आगरातला कापा फणस पिकला होता. मी तो फोडला आणि ताटभर गरे घेऊन गडग्याशी गेले.

"बाई, एवढे?" भाभी म्हणाल्या.

"अहो, फणस कधी एका घरात संपतो का? घ्या, नाहीतर उद्या कुजेल."

आजोबा मागे पडवीत बसले होते. ते ताडकन उठून आले.

"भाभी, तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे ना?"

"आहे की, काका. त्यांनी मागच्या सुट्टीत आणला. मी रोज पुसते."

"आणि फोन?"

"आहे. पण इंटरनेट नको बाबा. बिलाची भीती वाटते. त्यांची पत्रं येतात तेवढी पुरे."

"तसं नाही. तास आमचे घ्या. भरपूर आहेत. ते कुठल्याही फोनवरून चालतात. फोनचं काय होईल ते मात्र तुमचं."

भाभींनी ताट गडग्यावर ठेवलं. "म्हणजे तांदूळ तुमचे, चूल आमची?"

"अगदी बरोबर!" आजोबा म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू ती उपमा त्यांनीच आधी दिली होती.

त्याच संध्याकाळी भाभींनी हर्णेच्या माहेरून आलेले सोडे पुडी बांधून पाठवले. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी, आणि भाभींच्या माहेरचे सोडे म्हणजे बाजारात मिळत नाहीत असे. आजोबांची कळी खुलली. त्यांचं मत पडलं की त्या हिशेबाने तासाचा भाव आणखी उतरला.

मी भाभींना शिकवायला गेले. आधी लिहून ठेवा, मग जोडा, पाठवा, उतरवा, तोडा. त्या भराभर शिकल्या. माझा हात कॉम्प्युटरच्या उंदरावर अजून थरथरायचा, त्यांचा नाही.

"बाई, बाण असा कापतोय का तुमचा? सरळ न्या. आठवीत अक्षर सरळ आलं नाही म्हणून मला बाकावर उभं केलं होतंत."

"अजून उभं करीन."

"करा, पण आधी बटण दाबा. मीटर पळतोय."

पहिल्या आठवड्यात एक अडचण उभी राहिली. ते तास एका वेळी एकाच घरात चालत. एका सकाळी मी जोडायला गेले तर कॉम्प्युटर मला आत घेईना. आजोबा खांद्यावर पंचा टाकून थेट गडग्याशी.

"भाभी! तोडा!"

आतून आवाज आला, "काका, आत्ता तर जोडलं!"

"गेलं का?"

"जातंय!"

"आलं का?"

आळीतले कुत्रे भुंकायला लागले. समोरच्या घरातला दिवा लागला. मला लाज वाटली. हे असं रोज होणं शक्य नव्हतं.

पण यावर तोडगा आम्हाला शोधावाच लागला नाही, तो गडग्यावर आधीपासून होता. दोन्ही घरांची विहीर एक आहे आणि पंपही एक. पाणी एका वेळी एकाच बाजूला वळवता येतं. म्हणून भाभींच्या सासूबाईंच्या वेळेपासून गडग्यावर एक करवंटी ठेवलेली असे. पालथी असली की समजायचं, कुणाचं तरी पाणी चालू आहे. उताणी असली की पंप मोकळा. आम्ही तिच्याशेजारी दुसरी करवंटी ठेवली आणि तिला चुन्याचा ठिपका लावला. ती इंटरनेटची. जोडायच्या आधी पालथी घालायची, तोडल्यावर उताणी करायची. पाऊस सुरू झाल्यावर उताणी करवंटी पाण्याने भरायची, ती ओतून पालथी घालावी लागे. ज्याच्या हातून ती पालथीच राहून जाई त्याला पलीकडून हाक येई, "झोपलात का करवंटी घालून?" पण त्यापुढे भांडण म्हणून झालं नाही.

पाऊस तसा पडत राहिला. तुमच्या आईचे पाय सुजले आणि उतरले. तिला आमसुलाचं सार प्यावंसं वाटे, ते मी तिला शब्दांनी पाजत होते. डॉक्टरांनी गणपतीनंतरची तारीख दिली होती. आमची बिलं आवाक्यात होती. भाभी रोज सकाळी मस्कतला चार ओळी पाठवत. मला वाटलं, आता सगळं बेतशीर चाललं आहे.

श्रावणात एका संध्याकाळी वारा असा सुटला की पोफळी जमिनीला टेकतील असं वाटलं. रात्रभर पाऊस धोधो कोसळला. सकाळी मी नेहमीप्रमाणे उठून जोडायला बसले, तर मोडेम खरडायलाच तयार नाही. रिसीव्हर उचलून कानाला लावला. आत काहीच नव्हतं, समुद्राच्या शंखात असतो तेवढाही आवाज नव्हता.

"फोन गेला," मी म्हटलं.

"येईल चार दिवसांनी," आजोबा म्हणाले. "बाळाच्या तारखेला अजून पंधरवडा आहे."

चार दिवसांनी! गेल्या वर्षी पावसात गेलेला फोन नवरात्रात आला होता. मी खिडकीतून पाहिलं. गडग्यावरची चुन्याच्या ठिपक्याची करवंटी उताणी, काठोकाठ भरलेली. मी छत्री घेतली, जाऊन ती ओतली, पालथी घातली आणि गडग्याच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, भाभींच्या दारात गेले. त्यांची नमाज होऊन चूल पेटली होती.

"भाभी, तुमचा फोन चालू आहे?"

त्यांनी पिठाच्या हातानेच उचलून बघितला. "आहे. आमची तार पलीकडच्या खांबावरून येते. या, बसा."

मी त्यांच्या कॉम्प्युटरवरून आमच्या नावाने जोडलं. मागून आजोबा आले, पायजम्याचे पाय दुमडलेले, हातात गळती छत्री. मोडेम खरडला, किंचाळला, गप्प झाला. एक ईमेल आलं होतं, तुमच्या बाबांचं. ते मी उतरवून मग वाचायला हवं होतं. मी तिथेच वाचलं, मोठ्याने.

"आई, किती वेळा फोन लावला. रिंग वाजते आहे आणि तुम्ही उचलत नाही, दोघं बरे आहात ना? मुलगी झाली. थोडी आधी आली, पण छान आहे. दोघी छान आहेत. फोटो वेगळा पाठवतो."

आमचा फोन मेलेला होता, पण तिकडे त्यांना तो वाजताना ऐकू येत होता. आम्ही उचलत नाही म्हणून ते काळजीत, आणि आम्हाला काही पत्ताच नाही. थोरले, ही तुझ्या जन्माची बातमी.

आजोबांनी छत्री मिटली, जी केव्हाच मिटायला हवी होती, कारण ते घरात उभे होते.

मग दुसरं ईमेल उतरायला लागलं, फोटोचं. तेव्हा फोटो वरून खाली, पट्टीपट्टीने यायचा. आधी पांढरं काहीतरी आलं. मग कळलं की ते टोपडं आहे. मग कपाळ. मग तिथेच थांबलं. भाभींनी चुलीवरची भाकरी करपू दिली आणि येऊन मागे उभ्या राहिल्या. एक डोळा आला, मिटलेला. मग दुसरा. आणि जोडणी तुटली.

पुन्हा जोडलं. पुन्हा टोपड्यापासून सुरुवात. बाहेर उजाडलं होतं, सहा केव्हाच वाजून गेले होते, कमी दराची वेळ संपली होती. पट्टी पट्टी खाली सरकत होती. नाकापाशी आल्यावर भाभी अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाल्या, "काका, आलं. तोडू?"

"खबरदार!" आजोबा ओरडले.

भाभी इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. नाक आलं, ओठ आले, हनुवटी आली, आणि हनुवटीखाली एक घट्ट मिटलेली मूठ. आजोबा वाकून वाकून बघत होते. म्हणाले, "मूठ बघ. किल्ल्या आहेत तिच्यात."

भाभी आत गेल्या, मीठ आणि मिरच्या घेऊन आल्या आणि त्यांनी मॉनिटरवरून ओवाळून दृष्ट काढली.

"अहो, मीठ आत जाईल," आजोबा म्हणाले. "यंत्र बिघडेल."

"यंत्र दुसरं येईल, काका. बाळ दुसरं येणार आहे का?"

मग मी उत्तर लिहायला बसले. आधी कच्चं नाही, कागद नाही, थेट, फोन चालू ठेवून, एका बोटाने. दारात रिक्षा उभी होती आणि मीटर पळत होता. खुर्चीमागे आजोबा उभे होते. ते म्हणाले, "सावकाश लिही."

परत निघताना त्यांनी खिशात हात घातला. "भाभी, आजचं फोनचं जे होईल ते—"

"काका, बाळ आधी कुणाच्या घरी आलं?"

आजोबांनी कॉम्प्युटरकडे वळून पाहिलं.

"माझ्या घरी आलं. पहिल्यांदा आलेल्या लेकीच्या नावाने पैसे घेऊ?"

आजोबांनी हात खिशातून काढला. घरी येऊन त्यांनी मला एकच सांगितलं, की त्यांचं ते मोठं पाकीट घेणं शेवटी शहाणपणाचंच ठरलं. मी म्हटलं, "पाकीट ठीक, पण चूल त्यांची होती." त्यावर त्यांनी मान डोलावली.

आमचा फोन गणपती उलटून गेल्यावर आला. तोवर रोज सकाळी आम्ही दोघं करवंटी पालथी घालून भाभींकडे जात होतो, आणि तुमची आई न्हाणं, दूध, रडणं, झोप सगळं विचारत होती. बाळंतपण मी त्यांच्या घरात बसून केलं म्हणा ना. दिवाळीला काही तास उरलेच, ते बुडाले. आजोबांनी त्यांचं नावही काढलं नाही. डबा पुण्याला पाठवायची गोष्टही पुन्हा निघाली नाही.

थोरले, भाभींनी तुला लोकरीचं टोपडं विणून पाठवलं. उरलेल्या लोकरीचं त्यांनी आमच्या मोडेमला झाकण केलं, खाऱ्या हवेने तो गंजू नये म्हणून. धाकट्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे.

आता तो मोडेम नाही. गेल्या महिन्यात आलेलं नवं इंटरनेट दोन्ही घरांनी मिळून घेतलं आहे. राउटर आम्ही भाभींच्या बाजूच्या खिडकीत ठेवला आहे, म्हणजे गडग्यापलीकडे त्यांच्या माजघरापर्यंत पोचतं, आणि बिल अर्धं अर्धं. आजोबा अजूनही झोपताना तो बंद करायला उठतात आणि पलीकडून हाक येते, "काका, आम्ही बोलतोय मस्कतला!"

मोडेमचं ते झाकण आता राउटरवर आहे, ते तुम्ही पाहिलंत. इंटरनेट आता दोन्ही घरांत एकाच वेळी चालतं, त्यामुळे ठिपक्याच्या करवंटीला काम उरलेलं नाही. पाण्याची मात्र गडग्यावर अजून आहे. विहीर एकच आहे, पंप एकच आहे, आणि आज सकाळी करवंटी पालथी होती.